पहिल्या क्रमाच्या पीडीईला स्प्लाइन लावायचा, तर दुसऱ्या टोकाची अट कुठून आणायची?

कालवाकाठ

नमस्कार मंडळी,

कालव्याच्या पाण्यात मिसळलेलं द्रव्य प्रवाहाबरोबर कसं पुढे सरकतं, याचं गणन सध्या करतेय. समीकरण पहिल्या क्रमाचं आंशिक अवकल समीकरण (पीडीई), सगळ्यांच्या ओळखीचं आहे:

∂य/∂ट + व · ∂य/∂क्ष = ०

क्ष म्हणजे वरच्या दारापासूनचं अंतर, ट म्हणजे वेळ, य म्हणजे द्रव्याचं प्रमाण, व म्हणजे पाण्याचा वेग. लगतच्या दोन गाठींमधल्या (जाळीच्या बिंदूंमधल्या) अंतराला ह म्हणते. कालवा २० किमी, वेग सेकंदाला अर्धा मीटर, ह १०० मीटर.

पद्धत क्युबिक बी-स्प्लाइन कोलोकेशनची: उत्तर म्हणजे घनपदांचे तुकडे गुळगुळीत जोडून केलेला वक्र (स्प्लाइन) धरायचा आणि गाठींवर त्याला समीकरण पाळायला लावायचं. कालव्याचे न भाग केले की गाठी होतात न+१, पण बी-स्प्लाइनचे गुणांक न+३. प्रत्येक गाठीवर समीकरण पाळायला लावलं की न+१ अटी मिळतात. वरच्या दारातून येणाऱ्या पाण्यातलं प्रमाण माहीत आहे, ती आणखी एक. तरी एक अट कमी पडतेच. पुष्कळ ठिकाणी शेवटच्या टोकाला दुसरा अवकलज शून्य धरतात, म्हणजे 'नॅचरल' स्प्लाइन. मीही सध्या तेच केलंय.

द्रव्याचा डाग कालव्यातून पुढे जातो तोवर सगळं सुरेख दिसतं. तो खालच्या टोकातून बाहेर पडायला लागला की तिथे करवतीच्या दातांसारखी बारीक थरथर उमटते आणि प्रवाहाच्या उलट दिशेनं वर येते. डागाच्या जवळपास तिप्पट वेगानं! जाळी बारीक केली की थरथर लहान होते, पण जात नाही. काळातली पावलं क्रँक-निकोलसन पद्धतीनं (जुन्या आणि नव्या वेळेची सरासरी घेऊन) टाकतेय.

मला दोन गोष्टी जाणून घ्यायच्यात. शेवटच्या टोकाला नेमकी कोणती अट द्यावी? आणि पहिल्या क्रमाच्या समीकरणासाठी स्प्लाइन हे मुळात योग्य हत्यार आहे का?

पारावरचा_गणिती

कालवाकाठ, प्रश्न फार नेमका मांडलात. दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर ठाम 'हो' असं आहे. फक्त स्प्लाइनला कामाला कुठे लावायचं ते आधी ठरवावं लागतं.

एमएस्सीला आपण सगळेच लाग्रांजची सहायक समीकरणं शिकतो: डीएक्स बाय पी, डीवाय बाय क्यू, डीझेड बाय आर. नेट-सेटच्या तयारीत ती पाठ होतात आणि गणितं सुटतात, पण त्यांचं चित्र क्वचितच कुणी काढून दाखवतं. क्ष-ट प्रतलावर तिरक्या रेषा काढा, उतार वेगाएवढा. त्या रेषांवर य बदलत नाही. या कॅरेक्टरिस्टिक रेषा. तुमच्या कालव्यात सगळी माहिती या रेषांवरून फक्त खालच्या दिशेला जाते. खालचं टोक समीकरणाला काहीच सांगत नाही. म्हणून तिथे अट द्यायची समीकरणाची मागणीच नाही.

स्प्लाइनचा स्वभाव नेमका याच्या उलट. क्युबिक स्प्लाइनमध्ये प्रत्येक गाठीवरचा उतार शेजारच्या दोन्ही गाठींच्या उतारांशी १, ४, १ अशा वजनांनी बांधलेला असतो:

उ(मागचा) + ४·उ(इथला) + उ(पुढचा) = (३/ह) · [य(पुढचा) − य(मागचा)]

म्हणजे खालच्या टोकाला काहीही लिहिलंत तरी त्याचा परिणाम वर येणारच. दर गाठीमागे तो २ − √३, म्हणजे सुमारे ०.२६८ पट होत जातो आणि त्याचं चिन्हही दर वेळी उलटतं. दहा गाठी मागे गेलं की पाच लाखांत एक भागाच्या आसपास उरतो. एकाच काल-पावलापुरतं पाहिलं तर हे नगण्य आहे, पण पावलं तर शेकड्यांनी टाकायची असतात.

आता अटींचं. वरच्या टोकाला तुम्ही दोन अटी आधीच दिल्या आहेत. एक म्हणजे य ची किंमत. दुसरी अशी की पहिल्या गाठीवर समीकरणही पाळायला लावलंत, त्यातून तिथला उतार ठरला: दारातलं प्रमाण काळानुसार ज्या दरानं बदलतं त्याला उणे वेगानं भागायचं. या दोन्ही अटी खऱ्या आहेत, समीकरणातूनच आल्या आहेत. कमी पडते ती अट खालच्या टोकाचीच, आणि तिथे आपल्याला खरं काहीच माहीत नाही. काही माहीत नसताना 'वक्रता शून्य' असं लिहिणं म्हणजे नसलेली माहिती घुसडणं. शिवाय किमतीतली चूक, जी आतल्या भागात ह च्या चौथ्या घाताने घटते, ती त्या टोकाजवळ जेमतेम दुसऱ्या घाताने घटायला लागते.

तिथे 'नॉट-अ-नॉट' घ्या. शेवटून दुसऱ्या गाठीवर तिसरा अवकलजही अखंड ठेवायचा, म्हणजे शेवटच्या दोन भागांत एकच घनपद राहतं. बाहेरून काही आणावं लागत नाही आणि चौथा घातही टिकतो. गणनाच्या सॉफ्टवेअरांत, म्हणजे सायपायच्या क्युबिकस्प्लाइनमध्ये आणि मॅटलॅबच्या स्प्लाइनमध्ये काही न सांगता हीच अट मिळते, ते उगाच नाही.

अर्धविराम

वाचतोय. गणित सोडून बरीच वर्षं झाली, पण तिरक्या रेषांचं चित्र लगेच डोळ्यासमोर आलं. पुढील लेखनास शुभेच्छा.

आकडेमोड

पारावरच्या सरांशी सहमत, +१. 'तिप्पट वेगानं उलट' या निरीक्षणावर मात्र थोडं थांबायला हवं. तो आकडा कागदावर काढता येतो आणि तो खरोखर तीनच येतो.

तुमच्या कोलोकेशनमध्ये अवकलजाच्या जागी काय बसलंय ते बघा. गाठीमागे थीटा इतका कोन फिरणारा तरंग घ्या. खरा अवकलज थीटाच्या प्रमाणात असायला हवा. स्प्लाइन त्याऐवजी देतो

३ साइन(थीटा) ÷ [२ + कोसाइन(थीटा)]

साधं मध्य-अंतर सूत्र नुसतं साइन(थीटा) देतं. दोन्हींची तुलना करू. एका तरंगलांबीत आठ गाठी असतील, तर मध्य-अंतर सूत्रात तरंग खऱ्यापेक्षा १० टक्के हळू धावतो, स्प्लाइनमध्ये ०.२३ टक्के. चारच गाठी असतील तर पहिल्यात ३६ टक्के हळू, स्प्लाइनमध्ये साडेचार. त्याच गाठी आणि वर एक त्रिकर्ण प्रणाली (दर समीकरणात तीनच अज्ञातं) सोडवायची, एवढ्याच खर्चात हा फरक. दुसऱ्या प्रश्नाला माझंही उत्तर 'हो'च, ते यामुळे.

आता उलटा प्रवास. तरंगांच्या पुंजक्याचा वेग वरच्या सूत्राच्या अवकलजातून मिळतो:

३ [१ + २ कोसाइन(थीटा)] ÷ [२ + कोसाइन(थीटा)]²

थीटा शून्याजवळ असेल तर हे १ येतं. लांब तरंग बरोबर वेगानं जातात. थीटा १२० अंश झाला, म्हणजे तरंगलांबीत तीनच गाठी उरल्या, की शून्य: पुंजका जागच्या जागी उभा. आणि थीटा १८० अंश, म्हणजे एक गाठ वर एक गाठ खाली, तिथे उणे ३. तुमच्या कालव्यात सेकंदाला दीड मीटर, प्रवाहाच्या विरुद्ध.

ही थरथर टोकालाच का जन्मते, तेही यातूनच कळतं. बाहेर पडणाऱ्या डागाची वारंवारता कमी असते. स्प्लाइनच्या सूत्रात त्याच वारंवारतेचे दोन तरंग बसतात, एक लांब आणि एक करवतीचा. टोकाची अट चुकीची असली की तिथे उरलेली ऊर्जा त्या दुसऱ्या तरंगात जाते, आणि त्याला जायला वाट फक्त उलटी. मूळ समीकरणाला हा दुसरा तरंग ठाऊकही नाही. तो जाळीनं जन्माला घातलेला आहे. त्यात क्रँक-निकोलसन एकाही तरंगाची उंची कमी करत नाही, त्यामुळे एकदा जन्मलेली थरथर विरत नाही.

मैलाचा_दगड

मी सिंचनाच्या कामात आहे. एवढं सगळं करण्यापेक्षा साधी अपविंड पद्धत का नको? मागच्या गाठीकडे बघायचं, पुढच्या टोकाला अटच लागत नाही, थरथर नाही, उणे प्रमाण नाही. कालव्यात थोडंफार विसरण (द्रव्य आपोआप पसरणं) असतंच की.

आकडेमोड

दादा, याच कालव्याचे आकडे घालून बघू. अपविंड पद्धत समीकरणात स्वतःचं विसरण घालते. त्याचा गुणांक व·ह·(१ − कूरांट)/२. कूरांट म्हणजे एका पावलात पाणी जाळीची किती अंतरं कापतं तो आकडा. पाऊल १०० सेकंदांचं घेतलं तर कूरांट ०.५, आणि गुणांक सेकंदाला १२.५ चौरस मीटर. पाण्याला २० किमी जायला ४०,००० सेकंद लागतात. तेवढ्या वेळात फक्त या कृत्रिम विसरणानं येणारं प्रमाणित विचलन १,००० मीटर! ३०० मीटर विचलनाचा गाऊसी डाग वरून सोडला तर खाली पोहोचेपर्यंत तो १,०४४ मीटरचा होतो आणि शिखर मूळच्या २९ टक्क्यांवर येतं. पाण्यात खरं विसरण शून्य धरलं तरीही.

त्याच डागातले मुख्य तरंग स्प्लाइनमध्ये अख्ख्या २० किमीत दीडेक मीटर मागे पडतात.

कालव्यात विसरण असतं हे अगदी खरं. म्हणूनच ते मोजून, समीकरणात वेगळं पद म्हणून लिहावं. किती विसरण व्हावं हे जाळीच्या अंतरानं ठरवू नये. खालच्या गावाला पिण्याचं पाणी कधी बंद ठेवायचं हे या शिखरावरून ठरत असेल, तर २९ टक्के आणि १०० टक्के यांतला फरक फार मोठा आहे.

मैलाचा_दगड

हा हिशेब कुणी असा समोर मांडला नव्हता. वाचनखूण साठवली.

दक्षिणवारा

धागा उशिरा दिसला. मी हवामानाच्या गणनात काम करते, त्यामुळे माझा कल वेगळा आहे. स्प्लाइननं अवकलज काढूच नका. कॅरेक्टरिस्टिक रेषेवरून मागे जा आणि तिथली किंमत काढायला स्प्लाइन वापरा.

तुमच्याच कालव्यात ५,००० मीटरवरची गाठ घ्या. पाऊल ५०० सेकंदांचं. इथे आत्ता असलेलं पाणी ५०० सेकंदांपूर्वी ४,७५० मीटरवर होतं. ही जागा ४,७०० आणि ४,८०० च्या बरोबर मध्ये. तिथली जुनी किंमत म्हणजेच इथली नवी किंमत. स्प्लाइनमधून ती अशी मिळते: दोन्ही गाठींच्या किमतींची सरासरी, अधिक ह/८ गुणिले (मागच्या गाठीचा उतार वजा पुढच्या गाठीचा उतार). उतार वरच्या १, ४, १ च्या प्रणालीतून. झालं पाऊल.

यात कूरांट २.५ आहे. कूरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी यांनी १९२८ मध्ये दाखवलेली मर्यादा इथे मोडत नाही, कारण त्यांचा मुद्दा असा की माहिती जिथून येते तिथपर्यंत पद्धतीचा हात पोहोचला पाहिजे, आणि इथे आपण थेट तिथेच जाऊन किंमत उचलतो. वेग स्थिर आणि गाठी समान अंतरावर असतील तर हे पाऊल कितीही मोठं घेतलं तरी स्थिर राहतं.

शेवटच्या टोकाचा प्रश्नही हलका होतो. खालच्या टोकाच्या गाठीवरून मागे गेलं की आपण नेहमी कालव्याच्या आतच येतो, बाहेरची किंमत कधीच लागत नाही. स्प्लाइनला दुसरी अट अजूनही लागते, पण ती आता फक्त अंतर्वेशनापुरती (गाठींच्या मधली किंमत काढण्यापुरती). नॉट-अ-नॉट पुरते. वरच्या टोकाला मात्र काही रेषा दाराच्या पलीकडे जातात. तिथे रेषा दार नेमकी कधी ओलांडते ती वेळ काढायची (गाठीचं अंतर भागिले वेग, तेवढं मागे) आणि त्या वेळचं दारातलं प्रमाण घ्यायचं.

ही वाट जुनी आहे. प्लाझ्माच्या व्लासोव्ह समीकरणासाठी चेंग आणि नॉर यांनी १९७६ मध्ये समीकरणाचे तुकडे करून प्रत्येक तुकडा असाच सरकवला, त्यात क्युबिक स्प्लाइनही होते. फ्रान्समधला जायसेला हा फ्यूजन-प्लाझ्माचा प्रोग्रॅम आजही याच कुळातला. हवामानात या पद्धतीला सेमी-लाग्रांजियन म्हणतात. आपल्या हवामान खात्यानं वापरलेलं सुमारे १२ किमी जाळीचं जीएफएस हे जागतिक अंदाजाचं मॉडेलही याच जातीचं होतं. युरोपीय हवामान केंद्राच्या मॉडेलमध्ये उभ्या दिशेचं गणन क्युबिक बी-स्प्लाइनच्या पायावर आहे, ते काम उंटश आणि होर्टाल यांचं, २००४ चं.

कालवाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन्ही करून पाहिलं.

कोलोकेशन तसंच ठेवून शेवटी नॉट-अ-नॉट घातलं, तर थरथर आलेखावर दिसेनाशी झाली. लॉग पट्टीवर अजून आहे, पण फारच खाली. दक्षिणवाराताईंच्या पद्धतीत तर डाग टोकातून बाहेर पडतो आणि मागे काही उरत नाही. ५०० सेकंदांची पावलं मला खरी वाटत नव्हती, पण शिखर जिथे यायला हवं तिथेच येतं.

अवांतर: काळातली पावलं क्रँक-निकोलसनऐवजी चौथ्या क्रमाच्या रुंगे-कुट्टा पद्धतीनं टाकून कोलोकेशन चालवायचं असेल तर पावलाची मर्यादा किती? आणि साधी ऑयलर?

आकडेमोड

स्प्लाइनच्या त्या सूत्राची कमाल किंमत १२० अंशांना येते, √३. रुंगे-कुट्टा चारची काल्पनिक अक्षावरची मर्यादा २√२. भागाकार केला की कूरांट १.६३ पर्यंत चालेल. पुढे जाणारी ऑयलर इथे कितीही लहान कूरांट धरला तरी अस्थिर, तिच्या वाटेला जाऊ नका.

अर्धविराम

सामान्य वाचकाचा प्रश्न. डाग गुळगुळीत असेल तोवर ठीक. पण वर कुणी एकदम झडप उघडली आणि प्रमाण शून्यावरून थेट एकवर गेलं तर?

पारावरचा_गणिती

सामान्य अजिबात नाही, हाच सगळ्यात कठीण प्रश्न आहे.

एका गाठीपर्यंत शून्य आणि पुढच्या गाठीपासून एक, अशा किमतींतून क्युबिक स्प्लाइन काढा. पायरीच्या लगतच्या भागात तो १.१०८ पर्यंत चढतो. जवळपास ११ टक्के जास्त. पलीकडच्या बाजूला तेवढाच शून्याच्या खाली. म्हणजे उणे प्रमाण, ज्याला काही अर्थ नाही. जाळी बारीक केली तरी हा ११ टक्क्यांचा आकडा हलत नाही, फक्त कमी रुंदीत येतो.

गोडुनोव्हनं १९५९ मध्ये सिद्ध केलं की रेषीय पद्धत नवे चढउतार अजिबात निर्माण करणार नसेल, तर तिची अचूकता पहिल्या क्रमाच्या वर जाऊ शकत नाही. त्यामुळे वाट एकच: पद्धत अरेषीय करायची, म्हणजे उतार किमती बघून ठरवायचे. फ्रिच आणि कार्लसन यांनी १९८० मध्ये नेमका नियम दिला. गाठींच्या किमती एकाच दिशेनं चढत असतील तर मधला वक्रही तसाच चढावा, यासाठी उतारांना किती कात्री लावायची त्याचा. त्याचा मोबदला असा द्यावा लागतो की दुसरा अवकलज अखंड राहत नाही, आणि काटेकोर बोलायचं तर तो वक्र मग स्प्लाइनच्या मूळ अर्थाचा राहत नाही. माझा सल्ला: जिथे पायरी आहे तिथेच कात्री लावा, गुळगुळीत भागातले उतार स्प्लाइनचेच राहू द्या. डागाच्या शिखरावरही आंधळेपणानं कात्री लावलीत तर शिखर छाटलं जाईल आणि मैलाचा_दगड यांच्या अपविंडकडे आपण अर्धे परत जाऊ.

मैलाचा_दगड

आणि वेग जर पाण्याच्या उंचीवरच अवलंबून असेल तर? पुराच्या लाटेचं लाइटहिल-व्हिटमचं १९५५ चं समीकरण पहिल्याच क्रमाचं आहे ना?

पारावरचा_गणिती

हो, आणि तिथे गुळगुळीत सुरुवातही पुरत नाही. उंच भाग वेगानं जातो, पुढच्याला गाठतो आणि कॅरेक्टरिस्टिक रेषा एकमेकींना छेदतात. सर्वांत साध्या रूपात, वेग म्हणजेच य, आणि सुरुवात साइन वक्रानं केली, तर ट = १ ला उभी भिंत तयार होते. तिथून पुढे समीकरण अक्षय्यतेच्या रूपात, म्हणजे आत आलेलं आणि बाहेर गेलेलं यांच्या हिशेबाच्या रूपात लिहिलं नाही, तर भिंतीचा वेगच चुकीचा येतो. आकृती नीटनेटकी दिसेल आणि लाट चुकीच्या वेळी पोहोचेल. अशा प्रश्नांना नुसत्या स्प्लाइन कोलोकेशननं हात घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कालवाकाठ

अक्षय्यतेचा विषय निघालाच आहे म्हणून. माझ्या कालव्याची रुंदी पुढे बदलते, त्यामुळे वेगही जागेनुसार बदलतो. सेमी-लाग्रांजियनमध्ये एकूण द्रव्य मोजलं तर दर पावलाला थोडं इकडेतिकडे होतं. आटत नाही, गळत नाही, तरी बेरीज जुळत नाही. हे कसं सांभाळायचं?

दक्षिणवारा

प्रमाणाऐवजी साठ्याचं अंतर्वेशन करायचं. दारापासून क्ष पर्यंत एकूण किती द्रव्य आहे ते म्हणजे साठा. प्रत्येक भागाच्या दोन्ही सीमांवर तो माहीत असतो, नुसती बेरीज करत जायचं. या साठ्यातून क्युबिक स्प्लाइन काढा. मग एखाद्या भागाच्या दोन्ही सीमा कॅरेक्टरिस्टिकवरून मागे न्या, त्या दोन जागांवरच्या साठ्यांची वजाबाकी म्हणजे त्या भागातलं नवं द्रव्य. लगतच्या भागांची सीमा एकच असल्यामुळे सगळे भाग मिळवले की मधलं सगळं कटतं, उरतो फक्त दोन टोकांचा हिशेब. वेग कसाही बदलो, बेरीज संगणकाच्या अचूकतेपर्यंत जुळते.

साठा क्युबिक म्हणजे प्रमाण त्याचा अवकलज, परवलयाच्या तुकड्यांचं. झेरौकत, वुड आणि स्टॅनिफोर्थ यांची २००६ ची पॅराबोलिक स्प्लाइन पद्धत याच धाटणीची आहे.

पारावरच्या सरांचा मुद्दाही इथे छान बसतो. प्रमाण उणे नसेल तर साठा कधीच उतरत नाही. म्हणून फ्रिच-कार्लसनची कात्री साठ्याच्या वक्राला लावली की कुठल्याही भागात उणे द्रव्य येऊच शकत नाही. एक काळजी घ्या: रुंदी बदलते तिथे साठ्यात प्रमाणाबरोबर काटछेदाचं क्षेत्रफळही धरायचं, आणि वेग जागेनुसार बदलत असल्यानं मागे जाण्याची वाट एका उडीत न काढता आधी अर्ध्या वाटेवरच्या वेगाचा अंदाज घेऊन काढायची. तिथे घाई केली तर स्प्लाइनची सगळी अचूकता वाया जाते.

कालवाकाठ

साठ्याचं लगेच लिहायला घेते. रुंदी जिथे एकदम बदलते तिथे एक गाठ मुद्दाम ठेवावी लागेल असं दिसतंय, कारण तिथे साठ्याचा उतारच तुटतो. तिथे दोन वेगळे स्प्लाइन जोडायचे की नुसती कात्री पुरेल?

दक्षिणवारा

दोन वेगळे. तिथे उतार खरोखरच तुटतो, आणि स्प्लाइन तो जबरदस्तीनं जोडायला गेला की त्या जागेभोवती थरथर पुन्हा येईल. वरच्या भागाच्या शेवटी नॉट-अ-नॉट, खालच्या भागाच्या सुरुवातीला उतार समीकरणातून: त्या जागेतून दर सेकंदाला जाणारं द्रव्य भागिले खालच्या बाजूचा वेग.